एका फ्रेममध्ये आख्खा लेझीम: मागची भिंत पांढरीफटक होतेय

शुभदा_के:
नमस्कार मंडळी. भाचीचा लेझीमचा एक डाव एकाच फोटोत हवाय. कॅमेऱ्यातलं मल्टिपल एक्स्पोजर वापरून आठ शॉट एकावर एक घेतले, तर भिंत पांढरीफटक आणि पोरगी आरपार! ऑटो गेन (प्रत्येक शॉटचा उजेड आपोआप कमी करणारी कॅमेऱ्यातली सोय) लावलं की भिंत ठीक, पण पोरगी मंद. फोटोशॉपात कापून चिकटवायचं नाहीये. जाणकारांनी सांगावं.

डार्करूम_बाबुराव:
ताई, आधी भिंत सोडा. ती आठही वेळा उजेड फेकतेय, पोरगी मात्र एका जागी एकदाच. ऑटो गेन प्रत्येक शॉट तीन स्टॉप, म्हणजे उजेडाच्या आठव्या हिश्शावर, उतरवतो, म्हणून ती मंद. मागे मिट्ट काळं ठेवा, गेन बंद करा, नेहमीचंच एक्स्पोजर द्या.

ही युक्ती फ्रेंच शास्त्रज्ञ मारेची, पॅरिस, १८८३. काळ्या पार्श्वभूमीवर नखशिखांत काळ्या कपड्यातला माणूस, हातापायांवर पांढऱ्या पट्ट्या, सांध्यांवर चकाकती बटणं, आणि सगळी चाल एकाच काचेच्या फोटो-प्लेटवर. पट्ट्या कशाला? आख्खं अंग उजळ असलं की आकृत्या एकमेकींवर चढून नुसता लगदा होतो. (छायाचित्रकार मायब्रिजने टिपलेला धावता घोडा वेगळा: रांगेत कॅमेरे, सुट्या फ्रेम. लोक दोघांना एकाच माळेत ओवतात, मला ते मुळीच पटत नाही.)

तुमच्याकडेही पोरीची छाती-पोट जागची हलणार नाहीत, आकृत्या एकमेकींवर चढतील, तेव्हा पोरीला गडद कपडे घाला आणि एका बाजूला सरकत खेळू दे. पडदा मखमलीचा घ्या, सॅटिन चमकतं. तो आठ-दहा फूट मागे टांगा. दिवा बाजूने लावा, पडद्यावर सांडू देऊ नका.

निशाचर:
बाबुरावांना +१. दुसरी वाट: खोली अंधारी, शटर बल्बवर (बटण दाबून धराल तोवर उघडं), लेझीमच्या टोकाला बारका एलईडी, शेवटी एक फ्लॅश. छायाचित्रकार ग्योन मिलीने १९४९ मध्ये पिकासोला असंच हवेत चित्र काढायला लावलं होतं. आणि चिकटवण्याला एवढं नाक मुरडू नका हो. नर्तकी मार्था ग्रॅहमचं नृत्य टिपणारी छायाचित्रकार बार्बरा मॉर्गन फोटोमाँटाजही (अनेक फोटो जोडून एक चित्र) करायची.

शुभदा_के:
मखमल बघते. पण लेझीमच्या चकत्या फार चमकतात, त्यांना काळा टेप लावू का?

डार्करूम_बाबुराव:
अहो, नको! तीच तुमची बटणं. टेप लावायचाच तर पांढरा, पोरीच्या बाह्यांवर, खांद्यापासून मनगटापर्यंत सरळ.