विमानाचा फॅक्टर ऑफ सेफ्टी फक्त 1.5 का? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

मी डिप्लोमाच्या मुलांना स्ट्रेंग्थ ऑफ मटेरियल्स शिकवतो. लिफ्टच्या दोरांना फॅक्टर ऑफ सेफ्टी (म्हणजे जास्तीत जास्त येणाऱ्या भाराच्या किती पट भार सोसायची ताकद ठेवायची तो आकडा) दहाच्या वर धरतात असं सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: मग विमानाला 1.5च का? वजन वाढलं की इंधन जास्त लागतं, ते इंधन उचलायला पंख भक्कम करावे लागतात आणि वजन पुन्हा वाढतं, हे मुलांना पटतं. पण त्यातून "हलकं म्हणजे कमी सुरक्षित" असा समज झाला तर तो मला चालणार नाही.

माझ्या समजुतीप्रमाणे 1.5 ही फक्त ताकदीची अट आहे. प्रत्यक्ष उड्डाणात जास्तीत जास्त जेवढा भार येऊ शकतो, त्याच्या दीडपट भार सांगाड्याने किमान 3 सेकंद न तुटता सोसायचा. ही रेषा किती काटेकोर असते बघा: 2006 साली चाचणीत एअरबसच्या ए-380 विमानाचा पंख दीडपटीच्या जरा अलीकडे मोडला, आणि तो मजबूत करावा लागला.

ताकदीची अट पाळूनही विमान पडू शकतं, हे 1954 मध्ये कॉमेट या ब्रिटिश जेट प्रवासी विमानाने दाखवलं. केबिनमध्ये दाब भरायचा, उतरवायचा, असं पुन:पुन्हा होऊन पत्र्याला तडे गेले आणि दोन विमानं हवेतच फुटली. म्हणून तडा हळू वाढला पाहिजे आणि तपासणीत वेळेवर सापडला पाहिजे. 7075 हा अल्युमिनियमचा मिश्रधातू 2024 या दुसऱ्या अशाच मिश्रधातूपेक्षा ताकदवान आहे, तरी विमानाच्या अंगाच्या पत्र्याला आणि पंखाच्या खालच्या, ताण येणाऱ्या बाजूला परंपरेने 2024च वापरतात, कारण त्यात तडा सावकाश सरकतो. वर्गात मी यावरच सर्वात जास्त वेळ देतो.

माझं घोडं अडलंय ते कार्बन फायबरपाशी. बोइंग 787च्या सांगाड्याचं जवळजवळ निम्मं वजन कंपोझिटचं, म्हणजे कार्बन फायबरचे थर रेझिनने चिकटवून केलेल्या साहित्याचं आहे. अल्युमिनियमवर एखादं अवजार पडलं तर पोचा दिसतो. इथे वरून जेमतेम खूण दिसते आणि आतले थर सुटलेले असू शकतात. असा न दिसणारा मार बसलेला आहे असं धरूनच दीडपट भाराचा हिशोब करतात, असं वाचलं. मग त्यासाठी वाढवलेल्या जाडीत वजनातली किती बचत जाते?

आणि रोजच्या कामात असा मार शोधतात कसा? ठोकून आवाज ऐकणं आणि अल्ट्रासॉनिक तपासणी ही दोन नावं मला माहीत आहेत, पण कुठे कोणती वापरायची हे कोण ठरवतं? सामानाची गाडी विमानाला घासली तर विमान लगेच थांबवतात का?

नागपूरला मिहानमध्ये किंवा इतर कुठे विमान दुरुस्तीत काम करणारं कोणी इथे असेल तर कृपया सविस्तर लिहा. वर्गात करून दाखवता येईल असा एखादा सोपा प्रयोग सुचला तर तोही हवा आहे.