मदत हवी आहे: सेमिस्टर संपताना शिक्षकांना काय काय आठवण करून द्यायची, आणि शिकवायचं साहित्य सगळ्यांसाठी एका जागी कसं ठेवायचं?

नमस्कार मंडळी,

मी मुंबईत सेंट्रल लाइनवरच्या एका डिग्री कॉलेजात अर्थशास्त्र शिकवते. या टर्मपासून डिपार्टमेंटचं कोऑर्डिनेशन माझ्याकडे आलंय आणि दोन गोष्टींत तुमचा सल्ला हवाय. पोस्ट जरा लांब झालीये, सांभाळून घ्या.

पहिली गोष्ट म्हणजे टर्म संपताना शिक्षकांना जाणारा मेसेज. त्यात काय असतं ते तुम्हाला माहितीच आहे, मस्टर पूर्ण करा, सिलॅबस कम्प्लिशन रिपोर्ट द्या, इंटर्नलचे मार्क अमुक तारखेच्या आत पोर्टलवर भरा, पेपरचे दोन्ही सेट मॉडेल आन्सरसकट सीलबंद पाकिटात द्या, आयक्यूएसीला (कॉलेजच्या गुणवत्ता कक्षाला) अटेनमेंटचं शीट, म्हणजे मुलांनी अभ्यासक्रमाची उद्दिष्टं किती गाठली त्याचा तक्ता, द्या. हे सगळं लागतंच, त्याबद्दल काही म्हणणं नाही. पण शेवटच्या दोन आठवड्यांत वर्गातल्या मुलांसाठी काय करायचं याची एक ओळसुद्धा त्यात नसते, आणि आमच्याकडे बरेच जण तासिका तत्त्वावर, म्हणजे घेतलेल्या तासांपुरत्या मानधनावर, आहेत, सकाळचं लेक्चर आमच्याकडे आणि दुपारचं ठाण्याच्या पुढे कुठेतरी, त्यांना स्टाफरूममध्ये टेकायलाही वेळ नसतो तर कुणाला विचारून घेणार? मला त्यांच्यासाठी एकच पान करायचंय, फोनवर उघडून ट्रेनमध्ये वाचता येईल असं.

दुसरी गोष्ट साहित्याची, आणि ही मला जास्त लागते. तासिकावाल्यांची ऑर्डर संपली की त्यांच्या पीपीटी, प्रश्नपेढ्या, गूगल क्लासरूम सगळं त्यांच्याबरोबरच जातं. दोष त्यांचा नाहीच, कॉलेजात ठेवून जायला जागाच कुणी दिलेली नसते. एक उदाहरण देते. पावसाळ्यात छत्र्यांना मागणी वाढते आणि छत्री स्वस्त झाली की जास्त खपते, एफवायची (पहिल्या वर्षाची) मुलं या दोन्हीसाठी मागणी वक्राची एकच आकृती काढतात. पहिल्यात अख्खा वक्र उजवीकडे सरकायला हवा, दुसऱ्यात त्याच वक्रावरून खाली यायचं. वर्गात विचारलं की माना डोलावतात आणि पेपरात परत तेच. आमच्या एका व्हिजिटिंग सरांनी यावर फार सुंदर वर्कशीट केलं होतं, दादरच्या फूलबाजारातले प्रसंग घेऊन, म्हणजे गणपतीत झेंडूचं काय होतं, माल जास्त आला तर काय, लोक प्लास्टिकच्या माळा घ्यायला लागले तर काय, आणि मुलांनी आकृतीत फक्त बाण काढायचा, एक शब्द लिहायचा नाही. ज्यांची बारावी मराठी माध्यमातून झालीये अशी गप्प बसणारी मुलंसुद्धा त्या दिवशी फळ्यापाशी येऊन वाद घालत होती. सर दुसरीकडे गेले आणि ते शीट आज आमच्या कुणाकडे नाही.

तर तुमच्याकडे हे कसं करतात? आणि एनईपीनंतर (नव्या शैक्षणिक धोरणानंतर) ओपन इलेक्टिव्हला, म्हणजे दुसऱ्या शाखेतून निवडायच्या विषयाला, सायन्सची मुलंही येऊन बसतात, त्यांना आणि मराठी माध्यमवाल्यांना उपयोगी पडेल असं मोफत काय आहे?

खडूफळा: मॅडम, चांगला विषय काढलात. माझ्यापुरतं सांगतो. शेवटच्या लेक्चरला नवीन काही शिकवत नाही. त्याच्या आधीच्या लेक्चरला पाच मिनिटं राखून मुलांकडून बिननावाच्या चिठ्ठ्या घेतो, अजून न कळलेली एकच गोष्ट लिहा म्हणून. त्या ट्रेनमध्ये चाळल्या की शेवटच्या लेक्चरला काय घ्यायचं ते आपोआप ठरतं. आणि शेवटच्या दिवशी घेतल्या तर त्यांचा काही उपयोग नाही, मुलं परत भेटतच नाहीत.

इंटर्नलचे मार्क पोर्टलवर भरायच्या आधी मुलांना दाखवाच. एकदा लॉक झालं की दुरुस्तीसाठी अर्ज, सह्या, फेऱ्या, आणि तोवर मुलाचा रिझल्ट अडकलेला. केटीवाल्यांनाही, म्हणजे आधीच्या टर्मचा विषय राहिलेल्यांनाही, वेगळा मेसेज टाका, ती मुलं आत्ताच्या बॅचच्या ग्रुपवर नसतात, फॉर्मची तारीख त्यांनाच सगळ्यात उशिरा कळते.

विरारफास्ट: मी परीक्षा विभागात काम केलंय, त्यामुळे एक ओळ ठळक अक्षरात घाला: जादा वेळ किंवा लेखनिक लागणाऱ्या मुलांची नावं परीक्षेच्या आधी विभागाकडे गेली आहेत का? केंद्र सरकारच्या सामाजिक न्याय मंत्रालयाच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांत दर तासाला किमान २० मिनिटं जादा धरली आहेत, म्हणजे दोन तासांच्या पेपरला ४० मिनिटं. आणि ४० टक्के दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र नाही म्हणून लेखनिक नाकारता येत नाही असं सुप्रीम कोर्टाने २०२१ मध्ये विकास कुमार प्रकरणात सांगितलंय. विद्यापीठाचं स्वतःचं परिपत्रक असतं तेही बघून घ्या. पेपरच्या दिवशी सकाळी मूल कागद घेऊन दारात उभं राहिलं की सगळ्यांचीच धावपळ होते आणि त्याचा अर्धा जीव तिथेच जातो. ते मूल रोज वर्गात बघणारा शिक्षकच हे वेळेत सांगू शकतो.

मूडल_मास्तर: साहित्याचं सांगतो. कॉलेजचं गूगल वर्कस्पेस असेल तर शेअर्ड ड्राइव्ह बनवा. नुसता शेअर केलेला फोल्डर नको, त्यातली फाइल ज्याने बनवली त्याच्याच नावावर राहते आणि त्याचं अकाउंट बंद झालं की तीही जाते. शेअर्ड ड्राइव्हमधली फाइल संस्थेच्या नावावर असते, माणूस गेला तरी फाइल राहते. क्लासरूम डिलीट न करता अर्काइव्ह करा, मुलांना जुन्या नोट्स बघता येतात पण नवीन काही टाकता येत नाही, आणि पुढच्या टर्मला त्याचीच कॉपी काढता येते. मूडल (ऑनलाइन कोर्स चालवायचं मोफत सॉफ्टवेअर) असेल तर कोर्सचा बॅकअप घ्या, घेताना युजर्सची खूण काढून टाका म्हणजे मुलांचे मार्क आणि नावं पुढच्या शिक्षकाच्या हातात जाणार नाहीत.

फोल्डर विषयाप्रमाणे न करता युनिटप्रमाणे करा. नवीन माणूस उद्याचं लेक्चर शोधत असतो. आणि प्रत्येक फाइलच्या वर दोन ओळी, हे कुठल्या वर्गात वापरलं आणि मुलं कुठे अडली. पीपीटी कुणीही बनवेल, त्या दोन ओळी जास्त मोलाच्या.

ग्रंथालय_कोपरा: मराठी माध्यमवाल्यांसाठी मराठी विश्वकोश ऑनलाइन आहे, अर्थशास्त्राच्या नोंदी चांगल्या आहेत. महाराष्ट्राची आर्थिक पाहणी दर वर्षी बजेटच्या सुमाराला मराठीतही निघते, त्यातलं एक कोष्टक देऊन ट्युटोरियल घ्या, मुलांना आपल्या जिल्ह्याचा आकडा सापडला की ती वाचायला लागतात. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलमध्ये लिब्रेऑफिस कॅल्क मराठीतून आहे, आलेख काढायला शिकवण्यासाठी छान. सायन्सवाल्यांना स्वयम आणि एनपीटीईएलचे मोफत ऑनलाइन कोर्स चालतील, इंग्रजी वाचणाऱ्यांना राइस विद्यापीठाच्या ओपनस्टॅक्सचं अर्थशास्त्राचं पुस्तक मोफत मिळतं. कॉलेज एन-लिस्टचं (कॉलेजांना ई-पुस्तकं आणि जर्नल्स देणाऱ्या योजनेचं) सभासद असेल तर ग्रंथपालांकडून लॉगिन घ्या, पुष्कळ तासिकावाल्यांना आपल्याला ते मिळू शकतं हेच कुणी सांगितलेलं नसतं.

पुस्तकाची पानं स्कॅन करून टाकणार असाल तर ड्राइव्ह वर्गापुरताच उघडा ठेवा. कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये शिकवण्यासाठी सवलत आहे, दिल्ली हायकोर्टाने २०१६ मध्ये विद्यापीठातल्या फोटोकॉपीच्या खटल्यात तीच मान्य केली, पण सगळ्या जगाला लिंक खुली करणं त्यात बसेल असं धरून चालू नका.

धागाकर्ती: सगळ्यांचे मनापासून आभार. जादा वेळेची ओळ आमच्या कुठल्याच मेसेजमध्ये नव्हती, ती सगळ्यात वर घेतेय. शेअर्ड ड्राइव्हबद्दल आयटीच्या सरांशी बोलले, ते करून देतायत. एक शंका आहे, तासिकावाल्यांनी स्वतः मेहनतीने बनवलेलं साहित्य आपण मागायचं कसं? त्यांना ना पुढच्या टर्मची हमी ना वेगळे पैसे, वर फाइलीही द्या म्हणायला मन होत नाही.

खडूफळा: मी तासिकेवर काढलेली वर्षं आठवून सांगतो, फाइलीवर नाव राहू द्या. पहिल्या पानावर बनवणाऱ्याचं नाव, आणि डिपार्टमेंटच्या लेटरहेडवर एक पत्र, अमुक अभ्यासक्रमासाठी अमुक साहित्य तयार केलं म्हणून. पुढच्या इंटरव्ह्यूला ते पत्र दाखवता येतं. शिवाय एक प्रत त्यांच्याकडे राहतेच. आणि मागायची वेळ टर्मच्या शेवटी ठेवू नका, सुरुवातीलाच ड्राइव्ह हातात द्या, त्यात आधीच्यांचं दिसलं की लोक आपणहून टाकतात.

धागाकर्ती: पत्राचं पटलं, प्राचार्यांकडून मसुदा मंजूर करून घेते. त्या व्हिजिटिंग सरांचा नंबर एका सहकाऱ्याकडे मिळालाय, त्यांना आज फोन करून शीट मागते आणि पहिलं पत्र त्यांच्याच नावाने काढते. एफवायला मॅक्रोचं (समग्रलक्षी अर्थशास्त्राचं), विशेषतः राष्ट्रीय उत्पन्न मोजण्याचं, मराठीतून असं काही वर्कशीट कुणी वर्गात वापरलं असेल तर इथे जरूर सांगा, पुढची टर्म त्यापासूनच सुरू होतेय.