कोल्हापुरात राहून स्वतःची रॉक गाणी करतोय, लेबलचं अ‍ॅग्रीमेंट आलंय, सही करू का? (जरा लांब हाय, सांभाळून घ्या)

पेठेतली_गिटार:
नमस्कार मंडळी, पहिल्यांदाच लिहितोय. वय २२, बी.कॉम. झालंय, सकाळी पप्पांच्या वर्कशॉपचं बिलिंग बघतो (उद्यमनगरात दोन लेथ हायत), दुपारनंतर गिटार. गाणी मीच लिहितो, चाल पण माझीच, मराठीच पण रॉक, म्हणजे भावगीत न्हाई आणि लावणी तर न्हाईच, डिस्टॉर्शन असतंय आणि शब्द आमच्या घरात बोलतात तसले. ५ गाणी तयार हायत, त्यातली २ फुकटवाल्या डिस्ट्रिब्युटरकडनं (गाणी अ‍ॅपवर चढवून देणारे) स्पॉटिफायवर टाकल्यात. पहिल्याला वर्षात ६४० स्ट्रीम, त्यातले शंभर तरी मावशीचे असणार, ती स्वयंपाक करताना लावून ठेवत्या.

गेल्या महिन्यात एका लेबलचा, म्हणजे गाणी काढणाऱ्या कंपनीचा मेसेज आला, गाणी आवडली म्हणून. मग १४ पानांचं अ‍ॅग्रीमेंट. पाचही गाण्यांचे मिळून ४० हजार, व्हिडिओ ते करणार. शुक्रवारपर्यंत सही पाहिजे म्हणत्यात. पप्पा म्हणत्यात घे, कोण देतंय एवढं. आई म्हणत्या आधी वाच. मी वाचलं, कळलं न्हाई.

दुसरं म्हणजे पुण्या-मुंबईला जायलाच लागतंय का? इथं वाजवायचं कुठं? कॅफेवाले म्हणत्यात बॉलिवूड वाजव, मधी एखादं तुझं चालतंय. मागच्या शनिवारी माझं गाणं चालू असताना मॅनेजर येऊन हळूच म्हणाला, ताई, टेबल नंबर चारला बर्थडे साँग पाहिजे.

तांबडा_पांढरा:
नाद खुळा! बर्थडे साँग डिस्टॉर्शनमध्ये वाजवायचं की मग. लिंक टाक गाण्याची, मावशीला जरा विश्रांती दे.

बेस_गिटार_कोथरूड:
आधी एक शंका, 'लिहितोय' म्हणतोस आणि मॅनेजर 'ताई' म्हणतो, नक्की कोण?

पेठेतली_गिटार:
मुलगीच हाय ओ. आमच्यात असंच बोलतात.

तांबडा_पांढरा:
कोथरूडकर, कोल्हापुरात पोरी 'मी आलो' म्हणूनच येतात. घ्या सवय करून.

बेस_गिटार_कोथरूड:
ओके ओके. तर पुण्याचं सांगतो. मी साताऱ्याहून आलो होतो, हेच स्वप्न घेऊन. इथे जागा जास्त आहेत हे खरं, एनएच७ वीकेंडर हा म्युझिक फेस्टिवल २०१०ला इथेच सुरू झाला, ओरिजिनल गाणी ऐकायला उभं राहणारं पब्लिक इथे मिळतं. पण रूमचं भाडं भरायला मी पहिलं सगळं वर्ष कव्हर म्हणजे दुसऱ्यांची गाणी वाजवली, लिहिलं किती तर दीड गाणं. तू घरी राहून पाच केलीस. २३० किलोमीटर आहे, रात्रीच्या बसने ये, वाजव, सकाळी परत जा. पहिल्यांदा कुणाच्या तरी आधी वीस मिनिटं मिळाली तरी खूप, पण त्या वीस मिनिटांत सगळी स्वतःचीच वाजव. माणसं ओळखीची झाली, दोन-चार ठिकाणाहून परत बोलावलं, मग शिफ्टिंगचं बघ.

अर्धा_वकील:
सहीचं कुणीच बोलेना म्हणून लिहितो. एलएलबी हाय, गाण्यातलं काही कळत न्हाई, कॉपीराइटचं कळतंय. ताई, अ‍ॅग्रीमेंटमध्ये 'असाइन' लिहिलंय का 'लायसन्स'? आणि मुदत आणि प्रदेश काय लिहिलाय ते जसंच्या तसं इथं टाका. लेबलचं नाव नको.

पेठेतली_गिटार:
असाइन लिहिलंय. 'कायमस्वरूपी, संपूर्ण विश्वात, सध्याच्या आणि पुढे येणाऱ्या सर्व माध्यमांत.' आणि खाली एक कलम, पुढची दोन वर्षं जे काय करीन ते आधी त्यांना दाखवायचं.

तांबडा_पांढरा:
संपूर्ण विश्वात 😂 चंद्रावर मिसळचं हॉटेल काढलं तरी तिथं तुझं गाणं लावायला ह्यांची परवानगी.

अर्धा_वकील:
हसायचं सोडा. असाइन म्हणजे घर विकलं, लायसन्स म्हणजे भाड्यानं दिलं. कायद्यात असं हाय की मुदत लिहिलीच नसेल तर ५ वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. म्हणजे त्यांनी कागद गबाळा केला असता तर तुमचाच फायदा होता, पण ह्यांनी मुद्दाम 'कायमस्वरूपी' आणि 'विश्व' लिहिलंय, त्यामुळं तो आधार गेला. कॉपीराइट तुमच्या हयातीत आणि मागं ६० वर्षं चालतोय, आज २२च्या हायसा, करा हिशोब किती वर्षांचे ४० हजार ते.

एक गोष्ट मात्र ते घेऊ शकत न्हाईत. २०१२ला कॉपीराइट कायदा बदलला, जावेद अख्तरांनी राज्यसभेत लावून धरलं होतं. तेव्हापासून शब्द लिहिणाऱ्याचा आणि चाल लावणाऱ्याचा रॉयल्टीतला हिस्सा लिहून घेता येत न्हाई. द्यायचाच झाला तर वारसाला न्हाईतर कॉपीराइट सोसायटीला, बाकी कुणाला दिला तर ते कलमच रद्द. शब्द आणि चाल दोन्ही तुमचं, म्हणजे दोन्ही टोप्या तुमच्याच डोक्यावर. त्यासाठी आयपीआरएसचं मेंबर व्हा, शब्द लिहिणाऱ्यांची आणि चाल लावणाऱ्यांची कॉपीराइट सोसायटी हाय ती, १९६९पासूनची, गाणी तिथं नोंदवा. रेकॉर्डिंगचा म्हणजे मास्टरचा हक्क मात्र वेगळा असतोय, तो एकदा दिला की गेला. आणि ते दोन वर्षांचं कलम पैशापेक्षा वाईट, त्यांनी 'बघतो' म्हणून लटकवत ठेवलं तर तुमचं नवीन गाणं ट्रंकेत.

शाहूपुरी_००७:
सगळे शहाणे सही नको म्हणणार, फुकटचा सल्ला हाय. ६४० स्ट्रीम आल्यात लगा! स्पॉटिफाय २०२४पासून बारा महिन्यात १००० स्ट्रीम झाल्याशिवाय त्या गाण्याला रुपया देत न्हाई, म्हणजे आज पोरीची कमाई शून्य. ४० हजारात चांगली गिटार येत्या, व्हिडिओ फुकट होतोय, चार लोक ओळखतील. गाणी काय, परत लिहील की.

अर्धा_वकील:
परत लिहील, पण दोन वर्षं आधी त्यांना दाखवून. तुम्ही कलम वाचलं न्हाईसा.

शाहूपुरी_००७:
वाचलं. तेवढं काढायला सांगा आणि घ्या पैसे, मी काय पाची गाणी द्या म्हणत न्हाई. दोन द्यावीत, तीन ठेवावीत.

अर्धा_वकील:
हे मात्र बरोबर बोललासा.

डॉल्बीवाला_कळंबा:
राम राम. गणपतीत काचा हलवणारा मीच, शिव्या नंतर द्या. गाणं ऐकलं ताई, शब्द एक नंबर, रेकॉर्डिंग बंडल. मागं कुकरच्या तीन शिट्ट्या मी मोजल्यात, दुसऱ्या कडव्यात. कंडेन्सर माइक वापरलायस ना? तो सगळी पेठ ओढून घेतोय. एसएम ५८ घे, साधा डायनॅमिक, तोंडापासनं चार बोटं. बहुतेक जण माइकच्या मागं गादी लावतात, ते उलटं हाय, माइकचं तोंड तुझ्याकडं असतंय, मग त्याला ऐकू येत्या ती तुझ्या पाठीमागची भिंत. गोधडी तुझ्या पाठीमागं टांग, दोन टांगल्यास तर आणि बरं. लेव्हल जास्तीत जास्त -१० डेसिबलच्या खालीच ठेव, रेकॉर्डिंग २४ बिटवर. रीपर हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर साठ दिवस वापरून बघ, लायसन्स ६० डॉलरला हाय, चोरीचं नको. आणि मास्टर करताना आवाज कोंबू नको, स्पॉटिफाय सगळ्यांचा आवाज -१४ LUFS ह्या एकाच पातळीला आणून ठेवतंय, तुझं कोंबलेलं तिथं बारीकच होणार आणि वर जीव गेलेला.

ड्रम कोण वाजवतंय? मशीनचा वाटतोय.

पेठेतली_गिटार:
मशीनच हाय काका. ड्रमर मिळंना.

डॉल्बीवाला_कळंबा:
कोल्हापुरात आणि ड्रमर मिळंना? बेंजो पार्टीतली ऑक्टोपॅडवाली पोरं बघ. सहा तास न थांबता वाजवत्यात आणि टेम्पो हलत न्हाई. रॉक ऐकलं नसंल त्यांनी, दोन दिवसात पकडतील. मी दोघांचे नंबर पाठवतो.

कुमुद_गायन_वर्ग:
मी शास्त्रीय गाणं शिकवते, रॉक वगैरे माझा प्रांत नाही, तरी मुलाने धागा दाखवला म्हणून लिहिते. बेटा, तुझं गाणं ऐकलं. वरच्या पट्टीत तू गळ्याने ढकलतेस, पोटातून श्वास येत नाही. आज वय आहे म्हणून निभतंय. माझा मुलगा सांगतो अमेरिकेत स्नेल मेल नावाने गाणारी लिंडसे जॉर्डन म्हणून मुलगी आहे, तुझ्यासारखीच गिटार घेऊन स्वतःची गाणी गाते, १८ वर्षांची असताना पहिला अल्बम आला आणि २०२१ मध्ये स्वरयंत्रावरच्या पॉलिप्सचं, म्हणजे छोट्या गाठींचं ऑपरेशन करावं लागलं, दौरा पुढे ढकलावा लागला. रोज पहाटे अर्धा तास खर्ज लाव. ओरडायचं असेल तर ओरड, पण ओरडायला शिकून ओरड.

जागेचं म्हणशील तर देवल क्लब १८८३ पासून आहे, तिथे तुझं चालेल असं नाही, पण कधीतरी मागे बसून श्रोते पाहा. गाणं चालू असताना कुणी बर्थडे साँग मागत नाही. तसे पंचवीस श्रोते गोळा कर, कुणाच्या गच्चीवर बसव.

तांबडा_पांढरा:
गच्ची आमची घ्या, मंगळवार पेठ. दहाच्या आत संपवा, शेजारी पोलीस हायत. म्हणजे खात्यात हायत.

बेस_गिटार_कोथरूड:
रेकॉर्डिंगवरून आठवलं, कार सीट हेडरेस्ट नावाचा अमेरिकन बँड आहे, नाव असं का तर विल टोलेडो घरी लाज वाटायची म्हणून गाडीच्या मागच्या सीटवर बसून आवाज रेकॉर्ड करायचा. असे डझनभर अल्बम त्याने स्वतःच नेटवर टाकले, मग २०१५ला मॅटाडोर लेबलने घेतलं. गाडीत आवाज घुमत नाही, सीट सगळं शोषून घेतात. कुकरचा प्रश्नही मिटेल.

आणि पुढचं गाणं टाकण्याआधी निदान सात दिवस स्पॉटिफायच्या प्लेलिस्ट करणाऱ्या एडिटरना पिच कर, म्हणजे ते गाणं सुचव, आर्टिस्ट अकाउंटमधूनच होतं. एकदा रिलीज झालं की त्या गाण्याला ती संधी नाही.

पेठेतली_गिटार:
अपडेट. लेबलला मेल केला, दोन गाणी देतो, ५ वर्षांचं लायसन्स, आणि ते दोन वर्षांचं कलम काढा. उत्तर आलं की फॉरमॅट सगळ्यांना सारखाच असतो, बदलत न्हाई, पण शुक्रवारची मुदत सोमवारपर्यंत वाढवली. सोमवार गेला. मी सही केली न्हाई. पप्पा दोन दिवस जेवताना बोलले न्हाईत, तिसऱ्या दिवशी विचारलं, विश्व म्हणजे नक्की कुठंपर्यंत?

आयपीआरएसचा फॉर्म भरायला घेतलाय. ऑक्टोपॅडवाला पोरगा आला होता, पहिल्याच टेकला माझाच टेम्पो हलला. बाई, खर्ज लावतोय, शेजारच्या आजी विचारत होत्या घरात कोण आजारी हाय काय.

आता कुणाकडं रविवारी बंद गाडी हाय काय, आवाज परत घ्यायचाय?

डॉल्बीवाला_कळंबा:
माझी ओम्नी घे. पण मागं दोन बेस बॉक्स हायत, ते उतरवायला चार पोरं आण.