संडास-बाथरूम एकत्र काढावं की वेगळं?

घरबांधणी: लातूरकडच्या खेड्यात काळ्या मातीवर घर काढतोय. माणसं 5, आई-वडील साठीच्या पुढचे. नळ आठ दिवसाला, बाकी बोअर. खोलीला लागून 4 बाय 8 फुटांचं एकच काढावं, की न्हाणी वेगळी, संडास वेगळा?

परसबाग: वेगळंच. 5 माणसं आणि एक दार म्हणजे सकाळी रांग. एकत्र केल्यानं जागा वाचते हे खोटं आहे. न्हाणी 4 बाय 5, संडास 3 बाय 4, बेरीज तीच 32 चौरस फूट. वाढते फक्त चार इंची भिंत आणि एक दार. न्हाणीचं पाणी मग सरळ केळी-अळूला.

उंबरठा: म्हाताऱ्या माणसाला रात्री दोनला अंगण तुडवायला लावणार का? आतच घ्या. कमोड, बाहेर उघडणारं 30 इंची दार, भिंतीला हाताशी पाइपचा आधार. पाणी वेगळं काढायला खोली नाही, पाइप वेगळा लागतो.

परसबाग: कागदावर ठीक. गवंडी दोन्ही पाइप एकाच चेंबरला, म्हणजे पाइप एकत्र येतात त्या जमिनीतल्या छोट्या हौदाला, जोडून मोकळा होतो, अंघोळीचं पाणी शोषखड्ड्यात! काळी माती आधीच पाणी पीत नाही. पावसाळ्यात खड्डा तुंबतो. कमोडचा हिशेब करा: दिवसाला 5 मोठे फ्लश 6 लिटरचे, 15 छोटे 3 लिटरचे, म्हणजे 75 लिटर. उकिडवं बसायच्या, खड्या उताराच्या ग्रामीण पॅनला 2 लिटरप्रमाणे 40. एप्रिलात टँकर आला की कळतं.

उंबरठा: फ्लशची टाकी लावूच नका की. बोअरच्या क्षारानं वॉशरवर पांढरा थर धरतो, ते नीट बसत नाही, रात्रभर पाणी झिरपतं. बादलीनं ओता, पण एका दमात. हळू ओतलं तर कमोड ओढत नाही. 35 लिटरपायी आईचे गुडघे मोडू नका.

मुरूम: भांडताय खोलीवरून, बिघडतं जमिनीखाली. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते, पाइपाचे जोड निखळतात. फरशीखालची माती काढून मुरूम भरा, पाणी मारून ठोका. शोषखड्डे दोन, मध्ये 1 मीटर अंतर, बोअरपासून निदान 50 फूट लांब. प्रत्येकाच्या विटांबाहेर चारी बाजूंनी फूटभर जाडीची वाळू-खडी, नाहीतर पाणी मुरायला जागाच नाही. एक भरला की चेंबरमधून दुसरा चालू करा. पहिल्याचं झाकण 2 वर्षं काढू नका.

घरबांधणी: मग आत कमोडचं एकत्र आणि परसात पॅनचा संडास, असं केलं तर?

परसबाग: चालेल. पण दोन्ही संडासांची लाइन एकाच चेंबरला, आणि न्हाणीची परसात. पाइप बुजवायच्या आधी बादलीभर पाणी ओतून कुठं निघतं ते बघा, गवंड्याच्या तोंडावर जाऊ नका.

उंबरठा: न्हाणी आठवडाभर बंद राहिली तर नहाणी ट्रॅपमध्ये, म्हणजे फरशीतल्या जाळीखाली पाणी धरून वास अडवणाऱ्या भांड्यात, तांब्याभर पाणी ओता. मे महिन्यात आतलं पाणी वाळतं, मग वासही येतो अन् झुरळंही.