मदत हवी आहे: जावा प्रोजेक्टमधला कॉपी-पेस्ट कोड कसा आवरायचा?

नमस्कार मंडळी, मी नागपूरला परसोडीच्या आयटी पार्कजवळ एका छोट्या कंपनीत आहे, बिलिंगचं जुनं जावा सॉफ्टवेअर सांभाळून राहिलो. २२ सप्टेंबर २०२५ ला जीएसटीचे दर बदलले, नमकीन १२ वरून ५ टक्क्यांवर आलं, आम्ही बदल केला अन् दोन दिवसांनी इतवारीतल्या ठोक व्यापाऱ्याचा फोन, "भाऊ, बिल बरोबर आहे पण माल परतीच्या नोटवर अजून १२ च लागून राहिले!" पाहिलं तर टॅक्सचं तेच गणित सात ठिकाणी चिकटवलेलं, एका जागी 'रेट'चं नाव 'टॅक्सपर्सेंट' केलेलं म्हणून सर्चमध्ये आलंच नाही. त्या माणसाला दोनदा कागद बदलून द्यावे लागले, फार वाईट वाटलं.

आता पीएमडी या कोड तपासणाऱ्या टूलमधलं सीपीडी, म्हणजे कॉपी-पेस्ट कोड शोधणारा भाग, चालवलं. १०० टोकनवर (टोकन म्हणजे कोडमधला एकेक शब्द किंवा चिन्ह) हुबेहूब तुकडे सापडतात, नावं बदललेले सुटतात. इग्नोर-आयडेंटिफायर्स अन् इग्नोर-लिटरल्स (नावांमधला अन् थेट लिहिलेल्या आकडे-मजकुरातला फरक सोडून द्यायचे पर्याय) लावले तर गेटर-सेटरचा, म्हणजे नुसती किंमत वाचणाऱ्या-भरणाऱ्या एकसारख्या छोट्या फंक्शनचा, नुसता ढीग येते. टोकनची मर्यादा तुम्ही किती ठेवता? आणि जुना ढीग तसाच ठेवून फक्त नव्या कोडवर सोनारक्यूबचा (कोडचा दर्जा तपासणारं टूल) गेट, म्हणजे निकषात न बसणारा कोड अडवणारी तपासणी, लावणं बरं का?

मुख्य अडचण म्हणजे कोड आपोआप तपासणाऱ्या टेस्ट जवळपास नाहीत. सातही जागचं गणित एकाच फंक्शनमध्ये आणायचं तर आधी सातही ठिकाणचे आत्ताचे आकडे, पैशांच्या राउंडिंगसकट, टेस्टमध्ये पकडून घ्यावे असं मला वाटते, कारण दोन ठिकाणी राउंडिंग वेगळं आहे अन् ते मुद्दाम केलं की चुकून, सांगणारं कोणी उरलं नाही. कोणी असं काम केलं असेल तर सुरुवात कुठून केली ते सांगा राजेहो.