परदेशातल्या मराठी मंडळाची ईमेल लिस्ट

विषय: पिकअपचे मागचे लाईट (मंगळवारी पासिंग, लवकर सांगा)

प्रेषक: बापू (सध्या कोल्हापुरात)

मंडळी, आणि खास करून नाना आणि तात्या,

आण्णांची तीच पांढरी पिकअप. पुरातला फोटो सगळ्यांनी बघितलाय, परत टाकत नाही. मंगळवारी पासिंग आहे आणि मागचे लाईट खुळ्यागत करायला लागलेत.

डावा इंडिकेटर टाकला की पुढचा टकटकटक लई फास्ट पळतोय. मागचा नुसता मिणमिणतोय, आणि त्याच्या तालावर ब्रेकचे तांबडे लाईट उघडझाप करतायत, डावा बी आणि उजवा बी. ब्रेक दाबला की डॅशबोर्डवरचा डावा बाण हळूच पेटतोय, इंडिकेटरला हात न लावता. उजवीकडं सगळं सरळ. रिव्हर्स लाईट मेलेलाच आहे. हेडलाईट लावले की अजून वेगळीच तऱ्हा, ती सांगत बसत नाही.

कोपऱ्यावरच्या वायरमननं होल्डरला मीटर लावला, "बारा व्होल्ट येतंय की, बल्ब बदला" म्हणाला. बदलले. तीनदा. आता म्हणतोय मागचं सगळं वायरिंग नवीन घाला, ९,००० होतील. गुऱ्हाळ चालू आहे, रोज गुळाचे रवे शाहूपुरीत पोचवायला हीच गाडी लागते. दोन दिवस उभी ठेवली तर भाऊ मलाच जुंपेल.

काय करू?

बापू

प्रेषक: नाना

बापू,

३१ वर्षं मोटारीच्या धंद्यात काढली, त्यामुळे बघितल्याशिवायही सांगू शकतो. ब्रेक आणि सिग्नल एकाच वेळी बिघडले म्हणजे स्टिअरिंगखालचा सिग्नलचा स्विच गेला. माझ्या जुन्या ट्रकचा असाच गेला होता. ब्रेकची वायर त्या स्विचमधूनच मागे जाते, आतले पितळी काँटॅक्ट झिजले की ब्रेक आणि सिग्नल एकमेकांत मिसळतात. स्टिअरिंग व्हील उतरवावं लागेल, त्यासाठी पुलर लागतो. हातोड्याने ठोकू नको.

वायरिंग बदलू नको. ९,००० वाचव.

नाना

प्रेषक: तात्या

नानांचा मान ठेवून सांगतो, इकडचं तिकडं लावू नका.

तुमच्या तिकडच्या ट्रकला मागे एकच तांबडा बल्ब, तोच ब्रेकला आणि तोच सिग्नलला. म्हणून ब्रेकची वायर स्विचमधून फिरवून न्यावी लागते. भारतातल्या गाडीला मागचा इंडिकेटर पिवळा, त्याचा बल्ब वेगळा, त्याची वायर वेगळी. ब्रेकची वायर पेडलवरच्या स्विचमधून थेट मागे. स्टिअरिंगखाली ती जातच नाही. बापूने व्हील उतरवलं तर मंगळवारी व्हील हातात धरून पासिंगला जाईल.

बापू, तुझं अर्थिंग गेलंय. डाव्या दिव्याचं. इंडिकेटर, ब्रेक आणि टेल (हेडलाईटबरोबर मागे लागणारा तांबडा दिवा), तिघांची मिळून एकच काळी वायर असते, ती कुठेतरी तुटली किंवा गंजली. आता इंडिकेटरचा करंट खाली उतरणार कुठून? मग तो शेजारच्या ब्रेकच्या बल्बमधल्या तारेतून (फिलामेंटमधून) उलटा वर चढतो, ब्रेकच्या वायरने उजवीकडे जातो आणि उजव्या दिव्याच्या चांगल्या अर्थिंगने उतरतो. वाटेत २१ वॅटच्या तीन तारा एकापाठोपाठ लागल्या. १२ व्होल्टचे तीन वाटे, प्रत्येकीला जेमतेम चार. म्हणून तिन्ही मिणमिणतात. करंट कमी पडला की फ्लॅशरला (इंडिकेटर उघडझाप करवणारी डबी) वाटतं एक बल्ब उडालाय, तो फास्ट पळतो. ब्रेक दाबल्यावर हाच प्रवास उलटा: डाव्या ब्रेकमधून डाव्या इंडिकेटरमध्ये, तिथून पुढे, आणि डॅशबोर्डचा बाण पेटतो.

एक हातभर वायर घे. एक टोक डाव्या होल्डरच्या पत्र्याला, दुसरं चेसिसला, रंग खरवडून. हौद्याला धरू नको, हौद्याखाली रबराचे तुकडे असतात, त्याचं स्वतःचंच अर्थिंग बेभरवशाचं. इंडिकेटर टाक. सगळं जागेवर आलं तर मला कोल्हापूरची मिसळ लागू.

तात्या

प्रेषक: सचिव

सर्वांना नम्र आठवण: ही लिस्ट मंडळाच्या कामासाठी आहे. दिवाळीच्या जेवणाची नावं अजून अर्ध्या घरांनी कळवलेली नाहीत. हॉलला शुक्रवारी आकडा द्यायचा आहे. पिकअपबद्दल कृपया आपापसात बोलावं.

प्रेषक: काकू

आमचे चार. एक शाकाहारी, उपवास नाही.

सचिवसाहेब, बोलू द्या की. गेल्या वर्षी ढोल कोणाच्या गॅरेजमध्ये ठेवायचे यावर ६० मेल झाल्या तेव्हा कोणी आठवण दिली नव्हती.

बापू, येताना कांदा-लसूण चटणी दोन किलो. घरगुती आण, पाकिटातली नको. आणि यांना चपला, ९ नंबर, करकर वाजणाऱ्या. विमानात चटणीच्या पिशवीला तीन गाठी मार, मागच्या वेळी तुझ्या वहिनीची साडी गेली.

प्रेषक: नाना

तात्यांचं म्हणणं असू शकतं. मागचा इंडिकेटर पिवळा आहे हे बापूने लिहिलेलं नव्हतं, म्हणून मी तसं म्हणालो.

पण वायर लावून बघणं ही तपासणी नव्हे, तो अंदाज. मीटर त्या मुलाने चुकीचा वापरला. त्याने तांबडी पिन सप्लायला आणि काळी पिन कुठेतरी चांगल्या पत्र्याला धरली असणार. बारा दाखवणारच. मीटर करंट ओढतच नाही, केसाएवढी एक तार शिल्लक असली तरी तो पूर्ण बारा दाखवतो. बल्बला मात्र पावणेदोन अँपिअर लागतात, ते त्या केसातून जात नाहीत.

बरोबर पद्धत अशी. दिवा चालू ठेव. मीटरची काळी पिन बॅटरीच्या निगेटिव्हला (लांब वायर जोडून घे, पोचणार नाही). तांबडी पिन होल्डरच्या पत्र्याला. शून्याच्या आसपास यायला हवं. अर्ध्या व्होल्टच्या वर गेलं तर अर्थिंग खराब. मग एकेक सांधा मागे सरकत जा, जिथे आकडा एकदम पडतो तिथे दोष.

नाना

प्रेषक: तात्या

म्हणजे अर्थिंगच. एवढं लांब लिहायची गरज नव्हती.

प्रेषक: बापू

थांबा थांबा, भांडू नका. एक गोष्ट सांगायची राहिली. पुतण्यानं दसऱ्याला पुढच्या डाव्या इंडिकेटरला एलईडी बल्ब घातलाय. मला आत्ता कळलं. त्यामुळं फास्ट पळत असेल काय?

हजार्ड लावला तर चारी पेटतात, डावा मागचा तसाच मरतुकडा.

सचिव, आमचं नाव नका धरू, मी दिवाळीनंतरच पोचतोय.

प्रेषक: तात्या

बापू, हे पहिल्या ओळीत लिहायचं असतं.

एलईडी करंट कमी खातो, त्यामुळे चांगल्या गाडीतही फ्लॅशर फास्ट पळतो. तुझ्याकडे दोन रोग एकत्र आहेत, एक दुसऱ्याला झाकतोय.  साधा २१ वॅटचा बल्ब परत घाल, मग पुढचं.

घालताना बघून घाल. ब्रेक-टेलचा बल्ब दोन ठिपक्यांचा (बुडाशी दोन काँटॅक्ट), त्याच्या दोन पिना वर-खाली असतात, एकाच बाजूने बसतो. तीनदा बदललेत म्हणतोस, त्यात एखादा एका ठिपक्याचा जबरदस्तीने कोंबला असेल तर टेल आणि ब्रेक आतल्या आत जोडले जातात. मग हेडलाईट लावले की ब्रेक पेटतो. तुझी "वेगळीच तऱ्हा" तीच असावी.

प्रेषक: भावजी (साउंड)

अर्थिंगचा विषय निघालाच आहे तर: गणपतीत माईकला जी घुंई येत होती ती पण अर्थिंगचीच होती. मिक्सर एका सॉकेटवर, कीबोर्ड दुसऱ्या भिंतीच्या सॉकेटवर. दोन्हीकडून अर्थ, मध्ये केबलची शील्ड, झाला फेरा. मी त्याच दिवशी सांगत होतो. कोणीतरी माझा मिक्सर बदलायचा ठराव मांडला होता, त्यांनी वाचावं.

प्रेषक: नाना

ठराव मी मांडला होता आणि मिक्सर १५ वर्षं जुना आहे.

प्रेषक: भावजी (साउंड)

पिकअप किती वर्षं जुनी आहे, बापू?

प्रेषक: दादा (भारतात परतलेले)

मी आता इचलकरंजीला असतो, तरी लिस्टवर आहे, विसरू नका.

बापू, तुझी गाडी २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाण्यात होती ना? मग हौद्याखालचा कपलर (वायरी जोडणारा प्लग) उघड. आमच्या गल्लीत त्या पुरात उभ्या राहिलेल्या गाड्यांना दोन-तीन वर्षांनी हीच दुखणी आली. पाणी उतरतं, गाळ कपलरमध्ये राहतो, तो ओल धरून ठेवतो. तांब्यावर हिरवी पूड दिसेल. तिकडे रस्त्यावर टाकलेलं मीठ जे करतं, तेच इथे पंचगंगेचा गाळ करतो. त्यात तुमच्या गाडीला रोज रस-काकवी लागणार.

नुसता पुसून परत लावू नकोस, सहा महिन्यांत तेच.

प्रेषक: काकू

दादा, इचलकरंजीला आहात तर चपला तुम्हीच घ्या आणि बापूकडे द्या. तो ९ सांगितले तर ८ आणतो.

प्रेषक: बापू

सापडलं!!

आज सकाळी गाडीखाली पोतं टाकून झोपलो. आधी साधा बल्ब घातला. तात्या म्हणाले तसा एक बल्ब खरंच चुकीचा कोंबला होता, पिनेनं होल्डर वाकवलाय. तो काढला, हेडलाईटची तऱ्हा तिथंच संपली.

मग तात्यांची वायर. होल्डर ते चेसिस. लावल्या लावल्या डावा इंडिकेटर असा फाडफाड पेटला की पुतण्या ओरडला. मिसळ लागू, तात्या.

आणि नाना, मीटरपण लावला, तुमचं ऐकलं नाही असं नको. दिवा चालू ठेवून होल्डर ते बॅटरी ५ व्होल्टच्या वर. मागं सरकत गेलो तर हौद्याखालच्या कपलरच्या अलीकडं पाच, पलीकडं ०.१. उघडला तर दादा, अगदी हिरवा. काळ्या वायरची पिन बोट लावल्यावर भुगा झाली. नुसती वायर मारून सोडलं असतं तर कपलर तसाच राहिला असता, आणि उद्या टेलची पिन गेली असती.

कपलरच काढून टाकला. वायरी सोलून, झाळून, वर स्लीव्ह चढवली. काळीला वेगळी जाड वायर, चेसिसवर पत्रा चकचकीत होईपर्यंत घासून नटबोल्ट, त्यावर ग्रीस. उद्यमनगरातून सगळं सामान मिळून तीनशेच्या आत.

डाव्या दिव्याची काच उघडली तर आत गुलाल. जोतिबाच्या यात्रेचा. काच आतून गुलाबी झालीय. धुतली, पण पूर्ण गेला नाही. आई म्हणाली राहू दे थोडा.

रिव्हर्स मात्र अजून मेलेलाच.

प्रेषक: नाना

आकडे लिहिलेस हे उत्तम केलंस. तात्यांनी बघावेत.

रिव्हर्सचा स्विच गिअरबॉक्सवर असतो, दोन वायरींचा. इंजिन बंद, हँडब्रेक ओढलेला, चावी चालू. कपलर काढून त्या दोन वायरी एकमेकींना जोड. दिवा लागला तर स्विच गेलाय. नाही लागला तर आधी फ्यूज, मग वायर.

प्रेषक: तात्या

ह्या वेळी मी नानांशी सहमत आहे. नोंद घ्यावी.

प्रेषक: बापू

जोडल्या, नाही लागला. फ्यूज चांगला. वायर धरून वर गेलो तर गिअरबॉक्सच्या वर चार बोटं जागा सोडून दोन्ही वायरी कुरतडलेल्या. उंदीर. गाडी उसाच्या फडाकडेला उभी असते रात्रीची. भाऊ म्हणतोय मांजर पाळू, मी म्हटलं आधी टेप दे.

लागला.

आता पासिंगचं. आज जाऊन आलो. एमव्हीआय (मोटार वाहन निरीक्षक) साहेबांनी पुतण्याला आत बसवून इंडिकेटर, ब्रेक, रिव्हर्स सगळं दोनदा बघितलं. एक शब्द बोलले नाहीत. मग मागं वाकून म्हणाले, "तांबडी रिफ्लेक्टर पट्टी कुठाय?" धुताना ब्रशनं मीच उचकटली होती. बाहेरच्या टपरीवरून आणून चिकटवली, मागं तांबडी, आणि सांगितलं म्हणून बाजूची पिवळीपण नवीन. झालं पासिंग, एक वर्षाचं.

वायरमन वाटेत भेटला. "बदललं काय वायरिंग?" म्हणाला. मी म्हटलं, एक वायर.

काकू, दादांच्या ओळखीत ९ नंबर मिळाला, पण करकर वाजत नाही. घेऊ काय?

प्रेषक: काकू

नको. वाजणाऱ्याच.

प्रेषक: सचिव

दिवाळीचा आकडा: अजून २२ घरं बाकी. आणि ह्या मालिकेतून ज्यांनी नाव कळवलं अशा फक्त काकू आहेत.

प्रेषक: भावजी (साउंड)

आमचे तीन. दिवाळीला मिक्सर आणि कीबोर्ड एकाच सॉकेटवर लागतील, पट्टी मी घरून आणतोय. स्टेजच्या मागे कोणीही मीटर घेऊन येऊ नये.