रीजन लॉक: पैसे मोजून घेतलेली डीव्हीडी देश बदलल्यावर बिनकामाची का व्हावी?

गोदाकाठ (धागा सुरू करणारे)

अमेरिकेत १४ वर्षे काढून आम्ही गेल्या दिवाळीनंतर नाशिकला कायमचे परतलो, तेव्हा जहाजाने आलेल्या सामानात भांड्याकुंड्यांच्या बरोबरीने डीव्हीडींचे एक खोके होते. त्यात १८० च्या आसपास चित्रपट आणि मालिका आहेत. बहुतेक तिकडच्या दुकानांतून घेतलेल्या आणि काही लंडनच्या बहिणीने वाढदिवसाला पाठवलेल्या. गंगापूर रोडच्या घरी टीव्ही लागला त्या रात्री सासऱ्यांनी माळ्यावरचा जुना, इथलाच प्लेअर पुसून दिला. मी डिस्क घातली, ट्रे आत गेला, दहाएक सेकंद घरघर झाली, पडद्यावर रीजन चुकीचा असल्याची एक ओळ उमटली आणि सही जुळत नाही म्हणून बँकेच्या खिडकीतून परत आलेल्या चेकसारखी डिस्क बाहेर आली.

ज्यांचा या प्रकाराशी संबंध आला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. डीव्हीडी आली तेव्हा चित्रपट कंपन्यांनी जगाचे सहा व्यापारी भाग पाडले. अमेरिका आणि कॅनडा १, युरोप, जपान आणि मध्यपूर्व २, आग्नेय आशिया ३, ऑस्ट्रेलिया आणि लॅटिन अमेरिका ४, भारत, रशिया आणि आफ्रिकेचा बहुतेक भाग ५, चीन ६. विमाने आणि प्रवासी जहाजांसाठी ८ हा क्रमांक वेगळा काढलेला आहे, म्हणजे आभाळसुद्धा या वाटणीतून सुटलेले नाही. डिस्कवर एक क्रमांक असतो, प्लेअरमध्ये एक असतो, आणि ते जुळले तरच चित्र दिसते.

माझा तिकडचा प्लेअर १२० व्होल्टचा होता. त्याच्या पाठीवर १०० ते २४० असे लिहिलेले नाही, हे मी पिन बदलणारा अडॉप्टर लावून तो २३० व्होल्टमध्ये खुपसल्यानंतर वाचले. जळका वास दोन दिवस हॉलमध्ये रेंगाळत होता. मग लॅपटॉपला बाहेरून जोडायचा ड्राइव्ह घेतला. त्याचा रीजन फक्त पाच वेळा बदलता येतो. एकदा अमेरिकेच्या डिस्कसाठी १ केला, मुलीच्या हट्टासाठी ५, पुन्हा १, पुन्हा ५, आणि शेवटी बहिणीची एक मालिका पाहण्याच्या नादात २ केला. आता तो ड्राइव्ह आयुष्यभरासाठी युरोपात स्थायिक झाला आहे.

माझे म्हणणे स्पष्ट आहे. ही वाटणी कंपन्यांनी आपापसांत केलेली आहे. तिच्यावर माझी सही नाही. मी डिस्कची पूर्ण किंमत दिली आहे, नक्कल केलेली नाही, कोणाला विकलेली नाही. अशा वेळी सर्व रीजन चालवणारा प्लेअर घेणे किंवा असलेल्याचे कुलूप काढून घेणे यात गैर काहीही नाही. उलट मत असल्यास जरूर मांडावे.

पडद्यामागे

उलट मत माझे आहे. मी ३० वर्षे चित्रपट वितरणात होतो, त्यामुळे भागवार हक्कांची कल्पना हॉलिवूडने आपल्यावर लादली, हा सूर मला मान्य होणारा नाही. हिंदी चित्रपटाचे वितरण आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या असेच चालत आले आहे. नाशिक मुंबई सर्किटमध्ये (म्हणजे वितरणाच्या मुंबई विभागात), विदर्भ सीपी-बेरारमध्ये, मराठवाडा निझाममध्ये. एकाच राज्यातले तीन तुकडे, आणि प्रत्येक तुकड्यासाठी वेगळ्या माणसाने घर गहाण टाकून पैसे लावलेले. त्या माणसाच्या भागात दुसऱ्याचा माल शिरू द्यायचा नाही, या भरवशावरच तो आगाऊ रक्कम देतो, आणि त्या आगाऊ रकमेवरच पुष्कळ चित्रपट पुरे होतात. डीव्हीडी आली तेव्हा अमेरिकेत लागलेला चित्रपट इथल्या थिएटरला पोहोचायला कित्येक महिने लागत. तिकडची डिस्क इथे आधी येऊन चालू लागली असती, तर इथे तिकिटे कोणी काढली असती?

किमतीचाही विचार करावा. इथल्या माणसाला परवडेल अशा भावात डिस्क विकायची, तर ती तिकडच्या बाजारात परत जाऊन तिकडचा भाव पाडणार नाही, याची हमी कंपनीला लागते. रीजन लॉक ही ती हमी होती. तुमच्या गैरसोयीबद्दल सहानुभूती आहे, परंतु देश बदलणाऱ्या मूठभरांसाठी सगळी घडी विस्कटावी, असे मला वाटत नाही.

डोंगरवाट

मी वयाने लहान आहे, तेव्हा उद्धटपणा वाटल्यास क्षमा असावी. परंतु वाद कशासाठी चालला आहे, हेच मला कळत नाही. त्या १८० पैकी बरेचसे चित्रपट महिन्याच्या वर्गणीत फोनवर दिसत असतील. भारतात डीव्हीडी प्लेअर शोधायचा, त्याचे कुलूप काढायचे, आणि नंतर फ्लॅटमध्ये ते खोके ठेवायला जागा शोधायची, यापेक्षा रद्दीवाल्याला बोलावणे सोपे आहे.

गोदाकाठ

डोंगरवाट, रद्दीवाल्याचा सल्ला आमच्या घरातही एका व्यक्तीने दिला आहे, त्यामुळे राग नाही. तुमचे ऐकून मी यादी घेऊन बसलो आणि पहिले ४० चित्रपट इथल्या सेवांवर शोधले. निम्मेसुद्धा सापडले नाहीत. त्यातले काही त्याच कंपनीच्या अमेरिकेतल्या सेवेवर मी मागच्या वर्षी पाहिलेले होते. म्हणजे कुलूप गेलेले नाही, ते डिस्कवरून तारेत गेले आहे. शिवाय दिग्दर्शक सबंध चित्रपटभर बोलत राहतो तो स्वतंत्र ध्वनिपट, वगळलेली दृश्ये, यांसाठी तर मी डिस्क घेत होतो.

पडद्यामागे, सर्किटचे तुमचे उदाहरण आवडले, पण ते मला माझ्याच बाजूचे वाटते. निझामच्या वितरकाने घेतलेली चित्रपटाच्या रिळांची पेटी चुकून नाशिकला आली असती, तरी ती इथल्या प्रोजेक्टरवर चाललीच असती. करार माणसांमाणसांत होता आणि मोडला तर भांडण त्यांच्यात होत असे. प्रोजेक्टर औरंगाबादचा की नाशिकचा, असे कोणी यंत्राला शिकवले नव्हते. आणि नागपूरहून इकडे बदली झालेल्या माणसाला, तुम्ही सीपी-बेरारचे, तुम्ही इथे चित्रपट पाहू नका, असे तर कोणीच म्हणत नव्हते.

पंचवटीकर

गोदाकाठ, तुम्ही सगळा दोष रीजनच्या माथी मारत आहात, म्हणून माझा अनुभव सांगते. मुलगी टोरांटोला गेली तेव्हा तिच्यासाठी मी मराठी नाटकांच्या डीव्हीडी आठवणीने बॅगेत घातल्या. दुकानदाराने सांगितले होते की या शून्य रीजनच्या आहेत, जगात कुठेही चालतील. रीजनची अडचण खरोखरच आली नाही. तरीही तिच्या टीव्हीवर चित्र काळेपांढरे होऊन खालून वर सरकत राहायचे, जसा पूर्वी अँटेना हलल्यावर आपला टीव्ही करायचा. जावयांनी शोधून काढले की डिस्क पाल पद्धतीच्या आहेत आणि तिकडचा टीव्ही एनटीएससी पद्धतीचा. शेवटी नाटके लॅपटॉपवरच पाहिली गेली. तेव्हा एक कुलूप काढले म्हणजे दार उघडते असे समजू नये. आत दुसरे दार असते, आणि त्याला कंपन्यांचा कावा म्हणता येत नाही.

रिमोटवाला

ताईंनी नेमकी जागा दाखवली. मी दुरुस्तीच्या धंद्यात आहे आणि ही गल्लत काउंटरवरही रोज होते, म्हणून दोन्ही गोष्टी सुट्या करून सांगतो.

पाल आणि एनटीएससी या टीव्हीच्या दोन जुन्या पद्धती आहेत. एनटीएससी डिस्कवर चित्र ७२० बाय ४८० चे आणि सेकंदाला सुमारे ३० फ्रेमचे असते, पालमध्ये ७२० बाय ५७६ चे आणि २५ फ्रेमचे. आपल्याकडचे बहुतेक टीव्ही आणि प्लेअर दोन्ही पद्धती घेतात, त्यामुळे अमेरिकेहून इकडे येणाऱ्याला ही अडचण सहसा येत नाही. इकडून तिकडे जाणाऱ्याला येते. (चित्रपट २४ फ्रेमने चित्रित होतो आणि पालमध्ये २५ ने धावतो, म्हणून पाल डिस्कवर तो सुमारे ४ टक्के लवकर संपतो आणि आवाज किंचित चढा लागतो. चांगल्या कानाच्या माणसाला गाण्यात ते कळते.)

रीजन हे निराळे प्रकरण आहे. संगणकाच्या ड्राइव्हमध्ये रीजन किती वेळा बदलला याची मोजणी २००० सालापासून ड्राइव्हच्याच आत लिहिली जाते, म्हणून विंडोज पुन्हा टाकून काही होत नाही. फर्मवेअर, म्हणजे ड्राइव्हच्या आतला मूळ प्रोग्राम, बदलून देतो म्हणणारे भेटतात, पण त्यात ड्राइव्ह कायमचा मेलेला मी पाहिला आहे. व्हीएलसीसारखा संगणकावरचा सॉफ्टवेअर प्लेअर पुष्कळ ड्राइव्हवर रीजन न विचारता डिस्क वाचतो, काही ड्राइव्ह मात्र दाद देत नाहीत.

टीव्हीला लावायच्या प्लेअरचे सोपे आहे. बऱ्याच मॉडेलमध्ये ट्रे उघडा ठेवून रिमोटवर ठरावीक आकडे दाबले की लपलेला मेनू येतो आणि रीजन बदलता येतो. इथे एक फसगत होते. दुकानदार रीजन ० करून देतो आणि सगळे चालेल म्हणतो. पण १ रीजनच्या काही डिस्कवर जादा तपासणी घातलेली असते. डिस्क प्लेअरला त्याचा क्रमांक विचारते, आणि उत्तर नेमके १ आले नाही तर जगाचा नकाशा दाखवून थांबते. अशा वेळी ० ऐवजी हाताने १ लावता येणारा प्लेअर लागतो. म्हणून घरची अडून बसणारी एक डिस्क बरोबर नेल्याशिवाय खरेदी करू नये.

काळा कोट

कायद्याचा उल्लेख कोणी केला नाही, म्हणून लिहितो. याला व्यावसायिक सल्ला समजू नये. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात २०१२ च्या दुरुस्तीने ६५ अ हे कलम आले. हक्कांच्या संरक्षणासाठी लावलेला तांत्रिक उपाय मोडणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड, अशी त्यात तरतूद आहे. परंतु तो उपाय हक्कभंगाच्या हेतूने मोडलेला असावा लागतो, आणि हा शब्द माझ्या मते निर्णायक आहे. स्वतःची डिस्क स्वतःच्या घरी पाहणाऱ्याचा असा हेतू कसा दाखवणार? न्यूझीलंड आणि ऑस्ट्रेलियाच्या कायद्यांनी तर निव्वळ बाजाराची भौगोलिक वाटणी करणारे कुलूप या संरक्षणातून वगळलेच आहे. अमेरिकेचा १९९८ चा कायदा बराच कडक आहे, पण गोदाकाठ आता तिथे राहत नाहीत. मात्र पूर्ण संग्रह हार्ड डिस्कवर उतरवून मित्रमंडळींत वाटण्याचा विचार असेल, तर मी वर लिहिलेल्यातले एक अक्षरही तुमच्या कामी येणार नाही.

पडद्यामागे

काळा कोट यांनी कायद्याचा मुद्दा बराचसा मिटवला आहे आणि त्यावर मी वाद घालत नाही. पेटीबद्दल मात्र गोदाकाठ यांची माहिती जुनी झाली आहे. आज थिएटरला चित्रपट डिजिटल स्वरूपात जातो आणि त्याची किल्ली वेगळी येते; ती त्याच थिएटरच्या सर्व्हरपुरती आणि ठरलेल्या तारखांपुरतीच चालते. शुक्रवारी सकाळी किल्ली उघडली नाही म्हणून पहिला खेळ रद्द करायची वेळ मी पाहिली आहे. यंत्राला गाव शिकवलेले नव्हते, हे खरे. पण आम्ही ते नंतर शिकवले, कारण माणसांच्या करारावर विसंबून आमचे हात भाजले होते.

गोदाकाठ

चूक दुरुस्त केल्याबद्दल आभारी आहे. परंतु थिएटर चित्रपट भाड्याने घेते, आणि मुदत संपली की किल्ली संपते, हे त्याला आधीच ठाऊक असते. मी डिस्क भाड्याने घेतली नव्हती. हमीबद्दल म्हणाल, तर आपल्या हिंदी-मराठी निर्मात्यांनी पुष्कळशा डीव्हीडी शून्य रीजनच्याच काढल्या, परदेशातल्या आपल्या माणसांना त्या चालाव्यात म्हणून. त्यांचा धंदा पायरसीने आणि पुढे इंटरनेटने खाल्ला. आणि ४के ब्लू-रे ही डीव्हीडीनंतरची, जास्त स्पष्ट चित्राची डिस्क आली, तेव्हा खुद्द त्या मोठ्या कंपन्यांनी तिच्यावर रीजन ठेवलाच नाही. हमी इतकी अत्यावश्यक होती, तर ती सर्वांत महागड्या डिस्कवरून का उठवली?

पडद्यामागे

कारण तोवर चित्रपट जगभर एकाच आठवड्यात लागू लागले होते आणि डिस्कच्या धंद्यात राखण्यासारखे फारसे उरले नव्हते. पीक निघाल्यावर कोणी मचाणावर बसत नाही. त्यावरून पीक उभे असतानाही राखण चुकीचीच होती, असे ठरत नाही.

डोंगरवाट

हे मला पटले, आणि गोदाकाठ यांचेही पटते आहे, त्यामुळे मी रद्दीवाल्याची सूचना मागे घेतो. साधी ब्लू-रेसुद्धा अशीच अडते का?

रिमोटवाला

अडू शकते. तिचे तीन भाग आहेत, ए, बी आणि सी. अमेरिका ए मध्ये, आपण सी मध्ये. रिमोटच्या आकड्यांनी तिथे सहसा भागत नाही, काही प्लेअरना आत वेगळी चिप बसवावी लागते. मात्र बऱ्याच ब्लू-रेंवर तिन्ही भाग खुले ठेवलेले असतात, तेव्हा आधी डब्याची मागची बाजू पाहावी.

गोदाकाठ

शनिवारी एम. जी. रोडला जाऊन आलो. नकाशा दाखवणारी एक डिस्क बरोबर नेली होती. पहिल्या दुकानात प्लेअरच नव्हते. दुसऱ्यात होता, पण ० वर अडकलेला, आणि पडद्यावर लगेच जगाचा नकाशा आला. तिसऱ्या दुकानातल्या मुलाने मागच्या मांडणीवरून धूळ बसलेला एक डबा काढला, ट्रे उघडून रिमोटवर चार आकडे दाबले आणि हाताने १ लावला. चित्र आले. बिलावर त्याने गॅरंटी नाही असे लिहिले आणि मी ते मान्य केले. पडद्यामागे, तुमचे घर इंदिरानगरला आहे असे मागे एका धाग्यावर वाचल्याचे आठवते. येत्या रविवारी संध्याकाळी मोकळे असाल तर या. डिस्क तुम्ही निवडा, वाद चहाबरोबर पुढे चालवू.